ट्रॅकवर चालवल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारला रिअर विंग बसवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिअर विंग नेमके काय काम करते, आणि ती स्पॉयलरपेक्षा वेगळी कशी?

विंग म्हणजे उलटा बसवलेला विमानाचा पंख. तिच्या वरून आणि खालून, दोन्ही बाजूंनी हवा वाहते. खालच्या बाजूची हवा अधिक वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि विंग खाली ओढली जाते. वरून पडणाऱ्या दाबापेक्षा खालच्या ओढीचा वाटा मोठा असतो, ही गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी, कारण पुढचे अनेक निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. स्पॉयलर मात्र बॉडीला चिकटलेला असतो. गाडीवरून घसरत जाणारा हवेचा प्रवाह तो अडवतो आणि गाडीचा मागचा भाग वर उचलणारा जोर कमी करतो. १९७२ साली आलेल्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ या गाडीच्या मागे बदकाच्या शेपटीसारखा जो उंचवटा होता, तो स्पॉयलर होय.

विंगने मिळणाऱ्या या डाउनफोर्समुळे, म्हणजे हवेच्या खाली दाबणाऱ्या जोरामुळे, टायर रस्त्यावर अधिक जोराने दाबले जातात, पण गाडीचे वस्तुमान जवळजवळ तेवढेच राहते. डिकीत वाळूची पोती टाकली तरी टायरवरचा भार वाढेल, परंतु वळणावर ती पोतीही गाडीला बाहेर ओढतील आणि ब्रेक लावताना पुढे ढकलतील. हवेने टाकलेल्या भाराला असे ओझे नसते. मात्र हा भार टायरपर्यंत पोहोचला तरच त्याचा उपयोग. विंग बसवण्याचे सारे कौशल्य तो भार वाटेत कुठेही न हरवता, काहीही न वाकवता खाली पोहोचवण्यात आहे.

किती वेगापासून विंगचा उपयोग जाणवतो?

डाउनफोर्स वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की डाउनफोर्स चौपट होतो. दीड मीटर लांब आणि पुढून मागे २५ सेंटीमीटर रुंद अशी एका पात्याची विंग मध्यम कोनात स्वच्छ हवेत असेल, तर ताशी १०० किलोमीटरला ती सुमारे २१ किलो वजनाइतका, १५० ला सुमारे ४८ किलो आणि २०० ला सुमारे ८५ किलो भार देईल. बाराशे किलोच्या गाडीत २१ किलोचा फरक चालकाला क्वचितच कळतो, ८५ किलोचा मात्र स्पष्ट कळतो. त्यामुळे ज्या ट्रॅकवर बहुतेक वळणे ताशी ८० किलोमीटरच्या आत घ्यावी लागतात, तिथे हाच खर्च चांगल्या टायरांवर आणि ब्रेक पॅडवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तापलेली हवा विरळ असते, हेही ध्यानात असू द्यावे. १५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४० अंशांच्या हवेत डाउनफोर्स सुमारे ८ टक्क्यांनी कमी मिळतो.

विंग डिकीच्या झाकणावर बसवावी की थेट चेसिसला?

शक्य असेल तर चेसिसलाच. डिकीचे झाकण सामान झाकण्यासाठी बनवलेले असते. त्याचा बाहेरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, आणि ते दोन बिजागऱ्या, एक कुलूप व भोवतालचे रबर यांच्यावर टेकलेले असते. विंगवर भार आला की आधी पत्रा लवतो, मग रबर दबते, मग बिजागरीतली ढिलाई संपते, आणि त्यानंतरच भार बॉडीत उतरतो. या लवचिकतेमुळे विंगचा कोनही वेगानुसार बदलत राहतो. गाडी उभी असताना आपण मोजून लावलेला कोन ताशी २०० किलोमीटरला तोच असेल, याची खात्री मग देता येत नाही.

माझ्या पहिल्या ट्रॅक कारला मी विंग डिकीवरच बसवली होती आणि आतून फक्त सोबत आलेले छोटे वॉशर लावले होते. दिवसभर गाडी चालवून झाल्यावर झाकणावरून हात फिरवला, तेव्हा मागच्या दोन बोल्टांभोवती पत्रा बशीसारखा खोल गेलेला होता. पुढच्या बोल्टांभोवती तो उलट वर उचलला गेला होता आणि रंगाला केसासारखा बारीक तडा गेला होता. चालवताना मला काहीच जाणवले नव्हते. त्या दिवसापासून बोल्टच्या भोवतीचा रंग पाहिल्याशिवाय मी गाडी ट्रॅकवर नेत नाही.

चेसिसला विंग बसवताना तिचे उभे आधार मागच्या बंपरला पाडलेल्या खाचांतून आत जातात आणि बंपरच्या मागे असलेल्या मजबूत बीमला, किंवा तो बीम ज्या लांब चेसिस पट्ट्यांना जोडलेला असतो त्यांच्या टोकांना, बोल्टने आवळले जातात. बंपरच्या खाचेत आधाराच्या चारही बाजूंनी सुमारे एक सेंटीमीटर मोकळी जागा ठेवावी, नाहीतर बंपर घासून फाटतो. डिकी उघडताना विंग आडवी येते का, हे खाच पाडण्याआधी पुठ्ठ्याचा नमुना लावून पाहावे.

डिकीवर बसवण्यावाचून पर्याय नसेल तर काय काळजी घ्यावी?

झाकणाच्या आतल्या बाजूने किमान तळहाताएवढी, तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची किंवा दोन मिलिमीटरची पोलादी पट्टी द्यावी, आणि ती आतल्या सांगाड्याच्या घडीपर्यंत पोहोचेल अशी कापावी. बहुतेक झाकणांना आत दुसरा पत्रा असतो आणि दोहोंमध्ये पोकळी असते. त्या पोकळीत बोल्टभोवती धातूची नळी बसवली नाही, तर बोल्ट आवळताना दोन्ही पत्रे एकमेकांकडे दबतात आणि आवळणी कधीच टिकत नाही. छिद्रांच्या कडांना गंजरोधक रंग द्यावा आणि बोल्टखाली सीलंट लावावे. विंगच्या वजनाने झाकण उघडे राहीनासे होते. म्हणून अधिक जोराचे गॅस स्ट्रट लावावेत किंवा टेकू ठेवावा, कारण डोक्यावर पडलेले झाकण आता पूर्वीइतके हलके नसते.

बोल्ट कोणत्या मापाचे आणि कोणत्या प्रतीचे वापरावेत?

बोल्टपेक्षा बोल्ट ज्यात रोवला आहे त्या वस्तूची चिंता अधिक करावी. वरच्याच उदाहरणातली विंग घेऊ. दोन उभे आधार आहेत, प्रत्येकाच्या तळपट्टीला पुढे एक आणि मागे एक असा बोल्ट आहे, त्या दोन बोल्टांमधले अंतर १० सेंटीमीटर आहे, आणि विंगवरचा भार तळपट्टीच्या मध्यापासून १५ सेंटीमीटर मागे पडतो आहे. ताशी २०० किलोमीटरला एकूण ८५ किलो खाली दाबत असतानाही तरफेच्या न्यायाने, आणि विंगच्या वायुरोधाची भर पडून, प्रत्येक पुढचा बोल्ट सुमारे ६० किलोने वर ओढला जातो व मागचा सुमारे १०० किलोने खाली दाबला जातो. हा हिशेब गुळगुळीत रस्त्याचा आहे. वळणाच्या कडेच्या उंचवट्यावर चाक आदळले की त्यात भर पडते.

८.८ प्रतीचा (८.८ हा बोल्टच्या पोलादाच्या मजबुतीचा दर्जा) एम-६, म्हणजे सहा मिलिमीटर जाडीचा, बोल्ट हजार किलोहून अधिक ओढ कायमचा न ताणता सहन करतो. त्यामुळे तो तुटण्याची वेळ सहसा येत नाही. फाटतो तो पत्रा. तळपट्टी जितकी लांब, तितकी ही ओढ कमी होते. पट्टी १० ऐवजी २० सेंटीमीटरची केली तर उभ्या आधाराच्या कलण्यामुळे येणारी ओढ निम्मी होते, आणि हा फायदा जाड बोल्ट लावून मिळत नाही. मी स्वतः चेसिसकडच्या जोडांना ८.८ प्रतीचे एम-८ आणि विंगकडच्या जोडांना एम-६ वापरतो. पोलाद ते पोलाद अशा कोरड्या जोडाला एम-६ साठी सुमारे १० आणि एम-८ साठी सुमारे २५ न्यूटन-मीटर आवळणी पुरते. ॲल्युमिनियममध्ये पाडलेल्या आट्यांत मात्र विंगच्या उत्पादकाने दिलेला आकडाच पाळावा. सर्व ठिकाणी नायलॉन असलेले लॉक-नट वापरावेत आणि एकदा काढलेला नट पुन्हा लावू नये. कार्बन फायबर आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट टेकले व त्यात ओल आली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मध्ये फायबरग्लासचा थर किंवा इन्सुलेट करणारा वॉशर द्यावा.

भार टायरपर्यंतच न्यायचा आहे, तर विंग थेट चाकांच्या हबवर (चाक ज्यावर बसते त्या मधल्या भागावर) का बसवत नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्याला विषयाचे मर्म कळले आहे. अमेरिकन रेसिंग चालक जिम हॉल यांच्या १९६६ सालच्या चॅपरल २ई या गाडीत नेमके हेच केले होते. तिची उंच विंग मागच्या चाकांच्या हब-कॅरियरवर उभी होती, त्यामुळे स्प्रिंगला स्पर्श न करता भार टायरवर जात असे, आणि सरळ रस्त्यावर चालक पायाने पेडल दाबून विंग सपाट करत असे. कल्पना सुंदर होती. पुढे फॉर्म्युला वनमध्ये सस्पेन्शनवर उभ्या केलेल्या उंच आणि सडपातळ विंग आल्या. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातल्या माँजुइक ट्रॅकवर झालेल्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये लोटस संघाच्या ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांच्या विंग मोडल्या, दोन्ही गाड्या एकाच भागात आदळल्या आणि रिंट जखमी झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी मोनॅकोमध्ये, शर्यतीचा सराव सुरू झालेला असतानाच, अशा विंगवर बंदी आली. हबवरची विंग चाकाचा प्रत्येक धक्का खाते, स्प्रिंग तिला वाचवत नाही, आणि तिचे आधार शिणून मोडतात. आज बहुतेक सर्व स्पर्धांमध्ये विंग गाडीच्या स्प्रिंगवर तोललेल्या भागालाच घट्ट जोडावी लागते, आणि हौशी चालकानेही तेच करावे.

विंग किती उंच आणि किती मागे असावी?

उंचीबाबत उत्तर सोपे आहे. छताच्या मागे हवा गढूळ होते, म्हणून विंग जितकी छताच्या पातळीजवळ, तितकी ती स्वच्छ हवेत असते. गाडीचे छत उघडे असेल तर चालकाच्या मागचा प्रवाह इतका विस्कळीत असतो की तीच विंग बंद छताच्या गाडीपेक्षा बरीच कमी काम करते. स्पर्धेत भाग घेणार असाल, तर उंची, रुंदी आणि मागचा विस्तार यांवर आपल्या वर्गात कोणत्या मर्यादा आहेत, हे काहीही कापण्याआधी नियमपुस्तिकेत पाहावे.

किती मागे, हा प्रश्न अधिक विचाराचा आहे. मागच्या ॲक्सलच्या मागे टाकलेला भार सी-सॉसारखा पुढचा भाग उचलतो. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या ॲक्सलमधले अंतर, अडीच मीटर असून विंग मागच्या ॲक्सलच्या ९० सेंटीमीटर मागे असेल, तर विंगच्या ८५ किलोंपैकी एकही किलो पुढे जात नाही. उलट पुढच्या चाकांवरचे सुमारे ३० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर सुमारे ११५ किलो वाढतात. विंग उंचावर असल्याने तिचा वायुरोधही गाडीला मागे कलंडवतो आणि पुढून आणखी सुमारे ५ किलो काढून घेतो.

मग पुढच्या चाकांचे काय करावे?

पुढे स्प्लिटर (बंपरच्या खालून पुढे आलेली आडवी फळी) किंवा किमान खोल एअर डॅम (बंपरखाली हवा अडवणारी उभी पट्टी) लावावा. ते न करता विंग जास्त कोनात ठेवली, तर मंद वळणांवर गाडी पूर्वीसारखीच वागेल आणि वेगवान वळणांवर पुढची चाके बाहेर सरकू लागतील. दोन्ही एकदम शक्य नसेल तर आधी मागचे काम करावे. विंग नसताना नुसता स्प्लिटर लावलेली गाडी वेगात मागून सुटण्याचा धोका असतो, आणि ताशी १८० किलोमीटरला ओव्हरस्टिअर (मागची चाके बाहेर सरकणे) सावरणे हे अंडरस्टिअर (पुढची चाके बाहेर सरकणे) सावरण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

आधार खालून द्यावा की वरून, हंसाच्या मानेसारखा?

मुख्य काम खालची बाजू करते, म्हणून वरून येऊन विंगला धरणारे स्वान-नेक आधार खालचा पृष्ठभाग मोकळा ठेवतात आणि त्याच कोनात थोडा अधिक डाउनफोर्स देतात. २०२१ साली आलेल्या ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ जीटी३ मध्ये हीच रचना आहे. परंतु वरून वळून येणारी मान लांब असते आणि बाजूच्या जोराला ती लवकर डुलते. पातळ पट्टीच्या डुलणाऱ्या स्वान-नेकपेक्षा खालून दिलेला ताठ आधार मी केव्हाही पसंत करेन. दोन्ही प्रकारांत आधार विंगच्या प्रत्येक टोकापासून तिच्या लांबीच्या साधारण एक-पंचमांशावर आले, तर विंग सर्वांत कमी वाकते. दीड मीटरच्या विंगला म्हणजे टोकांपासून सुमारे ३० सेंटीमीटरवर.

विंग सरळ बसली आहे, हे कसे तपासावे?

नजरेवर विश्वास ठेवू नये. गाडी सपाट फरशीवर उभी करून टायरची हवा सारखी करावी. विंगच्या दोन्ही टोकांवरून ओळंबा सोडून फरशीवर खूण करावी, आणि त्या खुणांपासून पुढच्या चाकांच्या केंद्रांखालच्या खुणांपर्यंतचे तिरके अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. दोन्ही मापांत तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर विंग वळलेली किंवा सरकलेली आहे. बंपर आणि डिकीच्या कडा यांवरून मापे घेऊ नयेत. कारखान्यातून आलेल्या गाडीतही त्या काही मिलिमीटर इकडेतिकडे असतात.

कोन किती ठेवावा आणि कसा मोजावा?

डिजिटल कोनमापक आधी गाडी उभी असलेल्या फरशीवर ठेवून शून्य करावा. मग एक सरळ पट्टी विंगच्या वरच्या बाजूला, पुढची आणि मागची कड जोडेल अशी ठेवावी. विंग वरून खोलगट असल्याने पट्टी दोन कडांवरच टेकते. त्या पट्टीवर कोन वाचावा. गाडीची मागची उंची बदलली की कोनही बदलतो. अडीच मीटर व्हीलबेसमध्ये मागून १० मिलिमीटर उचलल्यास सुमारे पाव अंशाचा फरक पडतो.

सुरुवात दोन-तीन अंशांनी करावी आणि दर वेळी दोन अंशांनी वाढवावे. कोन वाढवत गेल्यास एका मर्यादेनंतर खालची हवा विंगला सोडून देते. मग डाउनफोर्स घटतो आणि वायुरोध मात्र वाढतो. एका पात्याच्या विंगमध्ये हे बहुधा १० ते १५ अंशांच्या दरम्यान घडते, पण बंद छताच्या गाडीत हवा छतावरून खाली उतरत येते. त्यामुळे विंगच्या मधल्या भागाला मापकावर दिसतो त्यापेक्षा मोठा कोन भोगावा लागतो आणि तो भाग आधी हार मानतो. काही विंग मध्यभागी पिळलेल्या दिसतात, त्याचे कारण हेच. आपल्या गाडीवर काय चालले आहे हे पाहण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खालच्या पृष्ठभागावर आठ-दहा सेंटीमीटरचे लोकरीचे तुकडे ओळीने चिकटवून त्यांचे चित्रण करणे. धागे मागे सरळ, घट्ट ओढलेले राहिले तर हवा चिकटून आहे. ते थरथरू लागले, गोल फिरू लागले किंवा पुढे वळले, तर कोन कमी करावा.

गर्नी फ्लॅप आणि एंडप्लेट यांची गरज आहे का?

एंडप्लेट, म्हणजे विंगच्या दोन्ही टोकांना लावलेल्या उभ्या पट्ट्या, हव्यातच. त्या वरची दाबाची हवा टोकावरून खाली घुसू देत नाहीत. गर्नी फ्लॅप म्हणजे मागच्या कडेवर उभी लावलेली छोटी पट्टी, जी अमेरिकन रेसिंग चालक डॅन गर्नी यांनी १९७१ साली वापरात आणली. विंगच्या रुंदीच्या एक ते दोन टक्के उंची, म्हणजे २५ सेंटीमीटरच्या विंगला तीन ते पाच मिलिमीटर, पुरेशी असते.

विंगमुळे सरळ रस्त्यावरचा वेग किती कमी होतो?

डाउनफोर्सच्या एक-अष्टमांश वायुरोध धरल्यास आपल्या उदाहरणातली विंग ताशी २०० किलोमीटरला सुमारे ८ अश्वशक्ती खाते. वेगवान वळणातून बाहेर पडताना मिळणारा जास्तीचा वेग बहुतेक ट्रॅकवर हे नुकसान भरून काढतो.

स्प्रिंग बदलाव्या लागतात का?

मागच्या प्रत्येक चाकाशी मोजलेली स्प्रिंगची ताठरता मिलिमीटरला ५० न्यूटन असेल, तर मागे वाढलेल्या ११५ किलोंनी गाडी सुमारे ११ मिलिमीटर बसते आणि नाक किंचित वर येते. त्याने स्प्लिटर जमिनीपासून दूर जातो, म्हणजे पुढचा तोल आणखी बिघडतो. मोठी विंग असेल तर मागच्या स्प्रिंग थोड्या ताठ कराव्यात, परंतु त्यामुळे मंद वळणांवर मागची पकड कमी होते. म्हणून विंगचा कोन आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदलू नयेत.

ट्रॅकवर नेण्याआधी बसवणीची चाचणी कशी घ्यावी?

वाळूच्या पिशव्यांनी. ताशी २०० किलोमीटरला ८५ किलो अपेक्षित असेल, तर त्याच्या दीडपट, म्हणजे सुमारे १३० किलो, पाच-पाच किलोच्या पिशव्यांतून विंगच्या संपूर्ण लांबीवर, तिच्या रुंदीच्या पुढच्या अर्ध्या भागात सारखे पसरावेत. आधी विंगच्या दोन्ही टोकांपासून बॉडीवरच्या ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर लिहून ठेवावे. फरशीपासून मोजू नये, कारण भाराने गाडीच बसते. पिशव्या ठेवताना कान देऊन ऐकावे. पत्रा ‘टक्’ असा आवाज करून आत जातो, तो आवाज ओळखू येतो. दहा मिनिटांनी पिशव्या काढल्यावर अंतर पहिल्याइतकेच भरले पाहिजे. एक मिलिमीटरही कायमचा फरक राहिला, तर काहीतरी वाकले आहे आणि ते शोधल्याशिवाय गाडी हलवू नये. शेवटी एंडप्लेट धरून विंग आडवी हलवून पाहावी, कारण गाडी घसरते तेव्हा वारा बाजूनेही येतो आणि ही चाचणी वाळूने होत नाही.

नव्या विंगसह चालवताना काय लक्षात ठेवावे?

ब्रेक लावताना वेग उतरतो तसा डाउनफोर्सही उतरतो, म्हणून सुरुवातीला जोरात दाबलेले पेडल हळूहळू सैल करत यावे, नाहीतर वळणाच्या तोंडाशी चाके लॉक होतात. कोनाचा परिणाम ठरवताना वेगवान आणि मंद वळणे वेगवेगळी पाहावीत. मंद वळणावरचा दोष विंगने सुधारत नाही. एक बदल करून काही फेऱ्या माराव्यात, मग जुनी मांडणी परत लावून पुन्हा तितक्याच फेऱ्या माराव्यात. टायर तापल्याने झालेली सुधारणा अनेकदा विंगच्या खाती जमा होते, ती चूक यामुळे टळते.

देखभाल काय करावी?

पहिल्या सत्रानंतर सर्व बोल्ट टॉर्क रेंचने तपासावेत आणि प्रत्येक नटावरून पत्र्यापर्यंत पेंट मार्करची एक सलग रेघ ओढावी. त्यानंतर प्रत्येक सत्राच्या शेवटी ती रेघ तुटली आहे का, एवढेच पाहावे लागते, आणि हेल्मेट काढण्याआधी ते होऊ शकते. उभ्या आधारांच्या कोपऱ्यांत, वेल्डिंगच्या कडेला आणि छिद्रांभोवती टॉर्चच्या तिरक्या उजेडात तडे शोधावेत. रेघ तुटलेली दिसली, तर तो एक नट आवळून पुढे जाऊ नये. त्या पायाचे सर्व बोल्ट काढावेत, तळपट्टी उचलावी आणि तिच्याखालचा पत्रा बोटांनी चाचपून पाहावा.